प्रवाळ बेटांवरचं पिण्याचं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लक्षद्वीपच्या वस्ती असलेल्या दहा बेटांवर नदी नाही, ओढा नाही, धरण बांधायला डोंगर नाही. २०११ च्या जनगणनेत इथे ६४,४७३ माणसं होती आणि त्यांतली जवळपास ९५ टक्के अनुसूचित जमातीत मोडतात. क्षेत्रफळ सगळं मिळून ३२ चौरस किलोमीटर. खालचे प्रश्न या बेटांवर काम करणारे, तिथे जाऊ पाहणारे आणि स्वतःच्या परसातल्या विहिरीची काळजी वाटणारे लोक वरचेवर विचारतात. जिथे निकोबारची गोष्ट वेगळी आहे, तिथे तसं म्हटलं आहे.

चारी बाजूंना समुद्र, मग विहिरीला गोडं पाणी लागतं कसं?

पावसाचं पाणी प्रवाळाच्या वाळूतून सरळ खाली मुरतं. खाली आधीच समुद्राचं पाणी मुरलेलं असतं. गोडं पाणी हलकं असल्यामुळे ते खाऱ्यावर तरंगत राहतं. त्याचा आकार बेटाच्या मध्यावर जाड आणि किनाऱ्याकडे निमुळता, अगदी भिंगासारखा. म्हणून त्याला गोड्या पाण्याचं भिंग म्हणतात.

गोड्या आणि समुद्राच्या पाण्याच्या घनतेत फरक अवघा अडीच टक्क्यांचा. त्यामुळे हिशोब असा पडतो की समुद्रसपाटीच्या वर १ सेंटिमीटर गोडं पाणी असेल, तर खाली साधारण ४० सेंटिमीटर असू शकतं. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात भरती-ओहोटी भिंगाला रोज दोनदा वर-खाली हलवते, मधे मचूळ पाण्याचा जाड पट्टा तयार होतो आणि पिण्याजोगा थर बहुतेक ठिकाणी काही मीटरच उरतो. लहान, अरुंद बेटांवर त्याहून कमी.

मग विहीर खोल खणली की पाणी वाढेल, बरोबर?

उलट. आपल्याकडे देशावर पाणी आटलं की विहिरीचा गाळ काढून आणखी दोन पुरुषभर खोल खणतात. ती सवय बेटावर महागात पडते, कारण खोल जाणं म्हणजे खाऱ्याच्या जवळ जाणं. उन्हाळ्यातल्या सर्वांत खालच्या पाणीपातळीच्या खाली अर्धा ते पाऊण मीटर, एवढीच खोली पुरे. पाणी जास्त हवं असेल तर विहीर रुंद करा किंवा आडवं पसरा (झिरपचराचा प्रश्न पुढे आहे). बोअर मारण्याचा सल्ला देणारा कंत्राटदार बेटाचा नाही, हे समजून जावं.

अर्ध्या एचपीचा पंप बसवला आणि दोन उन्हाळ्यांत विहीर मचूळ झाली. पंपाचा काय दोष?

दोष वेगाचा. असा पंप तासाला दीड-दोन हजार लिटर ओढतो. दीड मीटर व्यासाच्या विहिरीचं तोंड पावणेदोन चौरस मीटरचं. म्हणजे झिरपा अजिबात नसता तर २,००० लिटरला पाणी १ मीटर १३ सेंटिमीटर उतरलं असतं. प्रवाळाच्या वाळूत झिरपा जोरात असतो, त्यामुळे पातळी तेवढी उतरत नाही आणि घरमालकाला वाटतं, पाणी भरपूर आहे. पण ती १० सेंटिमीटर जरी उतरून तशीच राहिली, तरी वरच्या ४० पटीच्या हिशोबाने खालचं खारं पाणी विहिरीखाली चार मीटरपर्यंत चढू शकतं. ते सपाट चढत नाही, वारुळासारखं शेंडा काढून चढतं. एकदा शेंडा विहिरीच्या तळाला टेकला की पंप खारंच ओढू लागतो. पंप बंद केल्यावर शेंडा बसायला दिवस नव्हे, आठवडे लागतात, आणि तो बसण्याआधीच दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बटण दाबलं जातं.

बादली-रहाटाच्या काळात हे होत नव्हतं, याचं कारण हाताने ओढणारा माणूस दमतो.

म्हणजे पंप काढूनच टाकायचा?

नाही. एवढं करा:

- तासाला ३०० ते ५०० लिटर देणारा छोटा पंप घ्या, सौर असेल तर उत्तम. तो सकाळपासून हळूहळू चालवून वरची टाकी भरू द्या. वापर टाकीतून करा, थेट विहिरीतून नको.
- पंपाची ओढ तळाशी ठेवू नका. प्लास्टिकच्या कॅनच्या तरंग्याला नळी बांधून तिचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागाखाली १५ ते २० सेंटिमीटरवर ठेवा. सर्वांत गोडं पाणी वरच असतं.
- टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट स्विच लावा. टाकी भरून वाहत राहणं हे खारं होण्याचं फार मोठं कारण आहे, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.
- शेजारच्या दोन घरांनी एकाच वेळी पंप लावू नयेत. एकाने सकाळी, दुसऱ्याने दुपारी.

आधीचा मोठा पंप टाकून द्यायचा नसेल, तर त्याच्या बाहेर जाणाऱ्या नळीवर व्हॉल्व्ह बसवून तो आवळा. वीज थोडी वाया जाईल, विहीर वाचेल.

विहीर खारी होतेय हे जिभेला कळण्याआधी कसं ओळखायचं?

पेनसारखा विद्युतवाहकता मोजणारा मीटर घ्या. समुद्राचं पाणी ५०,००० मायक्रोसीमेन्सच्या आसपास दाखवतं. चांगली प्रवाळ-विहीर काहीशे ते हजारभर दाखवते. अशा बेटांवर २,५०० ही साधारण शेवटची रेघ मानतात. भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये टीडीएसची, म्हणजे विरघळलेल्या एकूण क्षारांची, इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,०००. क्लोराइडसाठी हेच आकडे २५० आणि १,०००.

आठवड्यातून एकदा, पंप लावण्याच्या आधी, आणि शक्यतो दर वेळी भरतीच्या एकाच टप्प्यावर मोजा. नाहीतर या आठवड्यात भरतीला आणि पुढच्या आठवड्यात सुकतीला मोजाल आणि भिंगात काहीच घडलेलं नसताना घाबरून जाल. आकडा विहिरीच्या कठड्यावर रंगाने लिहा, वहीत नको. वही हरवते, कठडा नाही, शिवाय शेजारी वाचतात. सलग तीन आठवडे आकडा चढत असेल तर उपसा निम्मा करा. कारण नंतर शोधता येईल.

मीटर दर महिन्याला १,४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाण द्रावणात बुडवून तपासा. खाऱ्या हवेत त्याच्या तारा लवकर खराब होतात आणि तो खोटा दिलासा देतो.

मुळात बेटावर पाणी पुरेसं आहे का?

पाटीवरचा हिशोब करू. पाऊस वर्षाला साधारण १,५०० मिलिमीटर. माड आणि इतर झाडं बरंच पिऊन टाकतात. समजा चौथा हिस्सा भिंगापर्यंत पोचला, म्हणजे ३७५ मिलिमीटर. एका हेक्टरवर ते होतं ३७.५ लाख लिटर. त्यातला एक तृतीयांशच उपसायचा, बाकीचं भिंग टिकवायला आणि समुद्राला मागे रेटायला ठेवायचं. म्हणजे हेक्टरी दिवसाला सुमारे ३,४०० लिटर. किनाऱ्यालगतचा पट्टा निकामी म्हणून निम्मं सोडलं तरी १,७०० लिटर उरतं.

लक्षद्वीपमध्ये हेक्टरी सरासरी विसेक माणसं. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरप्रमाणे गरज होते १,१०० लिटरची. म्हणजे सरासरी पाहिली तर पाणी पुरतं, जरा ताणूनच. पण माणसं सरासरीने राहत नाहीत. ती बेटाच्या मधल्या गजबजलेल्या भागात राहतात, भिंगाच्या नेमकी डोक्यावर. तिथेच विहिरी, तिथेच संडास आणि मार्च-एप्रिलमध्ये तिथेच सगळा उपसा. म्हणून पहिला खर्च यंत्रावर करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. आधी छप्पर, मग विहीर, मग संडास आणि त्यानंतर यंत्र.

संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून किती लांब हवा?

मुख्य भूमीवर १५ मीटर सांगतात. प्रवाळाच्या वाळूत ते अंतर अपुरं आहे. ही वाळू भरड असते, पाणी झपाट्याने पुढे सरकतं, शिवाय पाणीपातळी जमिनीपासून एक-दोन मीटरवरच. त्यामुळे खड्ड्यातलं पाणी गाळलं जाण्याआधी भिंगात पोचतं. जागा असेल तर ३० मीटर ठेवा आणि खड्डा विहिरीच्या समुद्राकडच्या बाजूला घ्या, कारण भूजल मध्यापासून किनाऱ्याकडे वाहतं.

जागा नसेल, आणि बहुतेक घरांना ती नसतेच, तर तीन मार्ग आहेत. पहिला, तळ आणि बाजू सिमेंटने बंद केलेली टाकी, जी ठरावीक काळाने उपसून न्यायची. तिचा गाळ कुठे जाणार हे आधी ठरलेलं हवं, नाहीतर तो रात्री किनाऱ्यावर जातो. दुसरा, मल-मूत्र वेगळं करणारं कोरडं संडास. तुवालूसारख्या पॅसिफिक बेटांवर कंपोस्ट संडास याच अडचणीतून पुढे आली. ती तांत्रिकदृष्ट्या सर्वांत चांगली, पण जिथे शौचानंतर पाणी वापरतात तिथे धुण्यासाठी वेगळी जागा आणि वेगळा निचरा काढला नाही तर महिन्याभरात बंद पडतात. तिसरा, अनेक घरांची मिळून उथळ नळवाहिनी आणि बेटाच्या टोकाला प्रक्रिया केंद्र.

फ्लशच्या टाकीऐवजी तांब्या-बादलीने दोन-तीन लिटर ओतायचं संडास ठेवलं तरी खड्ड्यात जाणारं पाणी तिपटीने कमी होतं. हा बदल फुकट आहे.

दूषित झाल्याची खूण म्हणजे नायट्रेट. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आणि तिच्यात मानक कसलीही सूट देत नाही. जंतूंसाठी काळी पडणारी हायड्रोजन सल्फाइडची बाटली वापरा. पाणी भरून २४ ते ४८ तास उबदार जागी ठेवा, काळी झाली तर ते पाणी पिऊ नका. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरायला शिकवतात. बेटावर ही तपासणी त्यांच्याच हाती राहावी. विहिरीवर रोज त्याच असतात.

पावसाच्या पाण्याची टाकी किती लिटरची घ्यावी?

फक्त पिण्या-रांधण्यासाठी धरा. माणशी १० लिटर, सहा माणसांचं घर, डिसेंबर ते मेअखेर यातले १५० कोरडे दिवस: ९,००० लिटर. म्हणजे १०,००० ची एक किंवा ५,००० च्या दोन टाक्या. दोन असलेल्या बऱ्या. एक धुवायला काढली तर दुसरी चालू राहते, आणि एकीत उंदीर पडला तर सगळं पाणी जात नाही.

छप्पर कमी पडेल ही भीती काढून टाका. ५० चौरस मीटर पत्र्यावर १,५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि ८० टक्के हाती आला तरी ६०,००० लिटर होतात. साठवायला जागा कमी पडते, पाऊस नाही. जूनमध्ये टाकी काही आठवड्यांत भरते. चूक होते ती नंतर: पावसाळाभर टाकी भरलेलीच आहे म्हणून कुणी पाहत नाही, ऑक्टोबरमध्ये पन्हळ तुंबते आणि नोव्हेंबरअखेर, जेव्हा टाकी काठोकाठ हवी, तेव्हा ती अर्धी असते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पन्हळ साफ करणं हे वर्षातलं सर्वांत महत्त्वाचं काम आहे.

पन्हळ आणि पहिल्या पावसाचं पाणी वळवण्याची सोय कशी करायची?

१६० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा चिरला की दोन पन्हळी मिळतात. उतार मीटरला १ सेंटिमीटर, आधाराचे हूक दर ६० सेंटिमीटरला. तासाला १०० मिलिमीटरच्या सरीत ५० चौरस मीटर छपरावरून ५,००० लिटर येतं. खाली उतरणारा पाइप ११० मिलिमीटरचा ठेवा, ९० च्या खाली जाऊ नका. हूक साध्या लोखंडाचे नकोत, समुद्राची हवा दोन पावसाळ्यांत खाते. स्टेनलेस घ्यायचं तर ३१६ घ्या, ३०४ ला डाग पडून भोकं पडतात.

छपरावर समुद्राच्या तुषारांचं मीठ, कावळ्याची विष्ठा, माडाचा मोहोर, सगळं साचतं. कोरड्या काळानंतरचा पहिला अर्धा मिलिमीटर पाऊस टाकीत जाऊ द्यायचा नाही, म्हणजे ५० चौरस मीटरला २५ लिटर. त्यासाठी टाकीच्या आधी टी जोडून खाली बूच लावलेला उभा पाइप सोडा. ११० चा पाइप मीटरला साडेआठ-नऊ लिटर धरतो, म्हणजे तीन मीटर लागतील. १६० चा मीटरला साडेअठरा धरतो, सव्वा-दीड मीटरमध्ये काम होतं. आत प्लास्टिकचा चेंडू टाका. पाइप भरला की तो वर येऊन तोंड बंद करतो. बुचाला ३ मिलिमीटरचं भोक पाडा म्हणजे दोन सरींच्या मधे पाइप आपोआप रिकामा होतो. हे भोक वाळूने तुंबतं आणि मग सगळी सोय नावापुरती राहते. पाऊस थांबल्यावर तिथून ठिबकतंय ना, एवढं रोज बघायचं.

टाकीत काय काय बिघडतं?

प्लास्टिकच्या टाकीचा ओटा खचतो. ५,००० लिटर म्हणजे पाच टन, खाली भुसभुशीत वाळू. एका बाजूने दोन सेंटिमीटर खचली तरी तोटीचा सांधा तडकतो. वाळू पाणी मारून धुमसा, वर १० सेंटिमीटर काँक्रीट घाला आणि टाकी ते नळ यांच्या मधे हातभर लवचीक नळी ठेवा.

फेरोसिमेंटची, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंटचा माल लिंपलेली, टाकी चांगली, पण माल्यात समुद्रकाठची वाळू किंवा मचूळ पाणी पडलं की आतली जाळी गंजून काही वर्षांतच टाकीला भेगा जातात. नदीची वाळू मुख्य भूमीवरून जहाजाने आणणं महाग पडतं, म्हणून हा मोह होतोच. तो होणार असेल तर सरळ प्लास्टिकची टाकी घ्या.

तोटी तळापासून १० सेंटिमीटर वर. ओव्हरफ्लोला १ मिलिमीटरची जाळी, नाहीतर डासांची पैदास. उजेड आत गेला की शेवाळ धरतं, तेव्हा पांढरी अर्धपारदर्शक टाकी नको.

क्लोरीन किती आणि कसं घालायचं?

ताज्या ब्लीचिंग पावडरीत ३० ते ३३ टक्के क्लोरीन असतं. नेहमीचं माप १,००० लिटरला अडीच ग्रॅम. दीड मीटर व्यासाची विहीर, पाणी १.२ मीटर: २,१२० लिटर, म्हणजे साधारण साडेपाच ग्रॅम. पावडर थेट टाकू नका. बादलीत थोड्या पाण्यात लगदा करा, बादली पाऊण भरून ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या आणि वरचं पाणी तेवढं ओता. खालचा चुना फेकून द्या. एका तासाने डीपीडी गोळीने (क्लोरीन असेल तर ती पाणी गुलाबी करते) तपासा. लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम उरलेलं दिसलं पाहिजे. गुलाबी रंग आलाच नाही तर निम्मी मात्रा पुन्हा.

मात्र प्रवाळ-विहिरीत पाणी सतत येत-जात असल्याने क्लोरीन एका भरती-ओहोटीत धुऊन जातं. म्हणून विहिरीऐवजी वरच्या टाकीत घाला. विहिरीत घालायचं ते साथीच्या वेळी किंवा पूर ओसरल्यावर.

आणि पावडरीचा डबा बघा. दमट हवेत उघडं राहिलेलं पोतं काही महिन्यांत निम्मं मरतं. पावडर ओलसर, गोळे झालेली आणि वास मंद असेल तर मापाला अर्थ नाही. झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, किलो-किलोने, तारीख लिहून ठेवा.

उकळलं तर सगळं सुटेल ना?

जंतू मरतात. मीठ आणि नायट्रेट तिथेच राहतात, किंबहुना पाणी आटल्याने थोडे वाढतात.

कवरत्तीचा समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प नेमका कसा चालतो?

चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये लक्षद्वीपची राजधानी असलेल्या कवरत्तीत दिवसाला १ लाख लिटरचा प्रकल्प उभारला. २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्ती इथे तसेच झाले. पुढे अमिनी, आंद्रोत, चेतलात, कदमत, कल्पेनी आणि किल्तानसाठी दीड लाख लिटर क्षमतेचे प्रकल्प हाती घेतले गेले.

तत्त्व सोपं आहे. पृष्ठभागावरचं पाणी २८ अंशांच्या आसपास असतं. बंद टाकीत हवा काढून दाब पुरेसा खाली आणला की तेवढ्या उष्णतेवरही त्याची वाफ होते. ही वाफ थंड करायला साडेतीनशे मीटर खोलीवरचं १२-१३ अंशांचं पाणी मोठ्या एचडीपीई प्लास्टिकच्या पाइपने वर आणतात. थंड नळ्यांवर वाफेचं पाणी होतं, मीठ मागे राहतं. गाळण्या नाहीत, पडदे नाहीत, रसायनं जवळपास नाहीत.

मग सगळीकडे का नाही? कारण किनाऱ्यापासून काहीशे मीटरवर समुद्र एवढा खोल असावा लागतो. लक्षद्वीपच्या कड्यांना ती देणगी आहे. आत येणाऱ्या गरम पाण्याचा एक टक्काही गोडा होत नाही, म्हणून प्रचंड पाणी फिरवावं लागतं आणि पंपांना वीज लागते, जी बेटावर मुख्यतः डिझेलवर बनते. थंड पाण्याच्या पाइपाला लाटा आणि वादळ हाच धोका. पाइप तुटला की प्रकल्प बंद, आणि पावसाळ्यात पाणबुड्या उतरवता येत नाही. डिझेलची गरज टाळायला कवरत्तीत समुद्राच्या तापमानातल्या फरकावरच ६५ किलोवॉट वीज बनवून तिच्यावर दिवसाला १ लाख लिटर पाणी काढायचा प्रकल्प आखला गेला.

हे पाणी ऊर्ध्वपातित असल्याने चवीला सपक लागतं. लोक विहिरीचं पाणी मिसळून पितात. चव सुधारते, पण मिसळलेली विहीर दूषित असेल तर सगळी मेहनत पाण्यात.

आरओ प्रकल्प लावणं सोपं नाही का?

लावणं सोपं, टिकवणं अवघड. आरओमध्ये खारं पाणी दाबाने बारीक पडद्यांतून रेटतात, मीठ मागे राहतं. समुद्राच्या पाण्याला ५५ ते ६५ बार दाब लागतो, १०० लिटरमागे ३५-४० लिटर गोडं मिळतं आणि हजार लिटरला तीन ते पाच युनिट वीज जाते, छोट्या यंत्रात आणखी. मचूळ विहिरीवर चालणाऱ्याला १०-२० बार पुरतात, पण ती विहीरही वरच्या नियमांनीच वापरावी लागते.

बंद पडण्याची कारणं बहुतेक किरकोळ: ५ मायक्रॉनच्या गाळणीचं काडतूस संपलं, उच्चदाब पंपाचं सील गेलं, रसायन मोजून सोडणाऱ्या मात्रा-पंपाचा पडदा फाटला. शिवाय कुणी तरी पाण्याची टाकी क्लोरीनने धुतो आणि ते क्लोरीन पडद्यांपर्यंत जातं. पॉलिअमाइडचे पडदे क्लोरीनला टिकत नाहीत. यंत्र काही दिवस बंद ठेवायचं असेल तर सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात ठेवा, नुसतं बंद करून गावी जाऊ नका.

रोज लिहायचे आकडे: दाब आत आणि बाहेर, गोड्या पाण्याचा प्रवाह, त्याची वाहकता. प्रवाह १० टक्क्यांनी घटला किंवा दोन दाबांतला फरक १५ टक्क्यांनी वाढला की धुण्याची वेळ झाली. वाट पाहिली तर थर पक्का बसतो.

उरलेलं खारट पाणी सरोवरात, म्हणजे लगूनमध्ये, सोडू नका. तिथे पाणी कोंडलेलं असतं आणि प्रवाळ मरतं. ते खुल्या समुद्राच्या बाजूला सोडा.

सुटे भाग कधी मागवायचे?

एप्रिलपर्यंत बेटावर पोचलेले हवेत. पावसाळ्यात लहान जहाजांची ये-जा थांबते. तीन-चार महिन्यांची काडतुसं, सीलचा एक पूर्ण संच, ओ-रिंगा, दाबमापक, फ्यूज, डीपीडी गोळ्या, ब्लीचिंग पावडर. यादी प्रकल्पाच्या दारावर आतून चिकटवा.

खारं पाणी संडासाला वापरून गोडं वाचवावं का?

मार्शल बेटांच्या माजुरोमध्ये अशी वेगळी खाऱ्या पाण्याची नळव्यवस्था आहे. ती चालते, कारण मैलापाणी नळाने समुद्रात जातं. तुमचा शोषखड्डा भिंगाच्या डोक्यावर असेल तर तुम्ही रोज भिंगात मीठ ओतताय.

वादळात किंवा त्सुनामीत समुद्राचं पाणी विहिरीत शिरलं, तर?

२६ डिसेंबर २००४ नंतर निकोबारमध्ये असंख्य विहिरी खाऱ्या झाल्या. तिथे जमीनही खचल्याने काही जागी समुद्र परत गेलाच नाही, त्या विहिरी सोडूनच द्याव्या लागतात. बाकीच्यांसाठी क्रम असा: आधी आसपास साचलेलं समुद्राचं पाणी चर काढून बाहेर काढा, कारण ते मुरत राहील तोवर विहिरीत काही करणं व्यर्थ आहे. मग विहीर एकदा, फार तर दोनदा, सावकाश उपसा आणि कचरा काढा. त्यानंतर भिंती घासून क्लोरीनची जड मात्रा द्या: १,००० लिटरला १५० ग्रॅम, रात्रभर. दुसऱ्या दिवशी ते पाणी उपसून फेका. मग थांबा.

‘‘उपसत राहिलं की गोडं येईल’’ ही समजूत सर्वांत नुकसान करते. जोरात उपसल्याने वरून आलेलं मीठ तर जात नाहीच, खालचंही वर येतं. भिंग पावसानेच धुतलं जातं. २००५ मध्ये चक्रीवादळाने कुक बेटांतल्या पुकापुकावर समुद्र चढला, तेव्हा भिंग पुन्हा पिण्याजोगं व्हायला सुमारे ११ महिने लागले. तेवढ्या काळाची तजवीज पावसाच्या टाक्यांतून किंवा आरओमधून करावी लागते. वादळाचा इशारा आला की टाकीचा पन्हळीचा पाइप काढून तोंड बंद करा. वाऱ्याबरोबर येणारं पाणी पावसाचं कमी आणि समुद्राचं जास्त असतं.

झिरपचर म्हणजे काय?

विहिरीतून एका जागी ओढण्याऐवजी आडव्या, भोकं पाडलेल्या पाइपांतून दूरवरून थोडं थोडं गोळा करणं. किरिबातीच्या तारावा बेटावर बोनरिकी इथे शहराचा पाणीपुरवठा असाच होतो. बेटाच्या मध्यभागी, ऐन उन्हाळ्यात, सुकतीच्या वेळी चर खणा. तळ सर्वांत खालच्या पाणीपातळीपेक्षा ३० ते ५० सेंटिमीटर खाली, एवढाच. त्यात ११० चा चिरा पाडलेला पीव्हीसी पाइप, भोवती धुतलेली खडी, वर भू-वस्त्र (पाणी जाऊ देणारं, वाळू अडवणारं कापड), मग काढलेलीच वाळू. १५ ते ३० मीटरच्या दोन बाह्या मधल्या विहिरीत उतरवा. पाइपाच्या टोकांना धुण्यासाठी उभी तोंडं ठेवा, नाहीतर पाच वर्षांनी मुळं शिरली की सगळं उकरावं लागतं. चरावर माड लावू नका.

त्याच्या भोवतीची जमीन घरं, गुरं आणि संडास यांपासून मोकळी ठेवावी लागते. खरा वाद तिथे होतो, खणण्यात नाही.

बाहेरच्या संस्थेने थेट जाऊन काम सुरू करावं का?

लक्षद्वीपला जायला प्रवेश परवाना लागतो. निकोबारची आदिवासी क्षेत्रं १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण विनियमाखाली येतात, तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. पण कागद मिळाला म्हणजे संमती मिळाली असं नाही. लक्षद्वीपमध्ये जमीन आणि विहिरी पुष्कळदा मातृवंशीय तरवाडाच्या, म्हणजे आईकडून चालणाऱ्या घराण्याच्या, मालकीच्या, एकट्या माणसाने हो म्हटलं तरी ते पुरत नाही. कार निकोबारमध्ये तुहेत, म्हणजे मोठं एकत्र कुटुंब, आणि गावचा कॅप्टन, म्हणजे प्रमुख, यांच्याशी बोलल्याशिवाय टाकीची जागा ठरवू नका. सूचनांचे फलक हिंदी-इंग्रजीत लावून उपयोग नाही. लक्षद्वीपच्या बहुतेक बेटांवर मल्याळम भाषा, मिनिकॉयला महल भाषा.

हे सगळं कोकणात लागू पडतं का?

जांभ्या दगडाच्या सड्यावर नाही. देवबागसारख्या, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या वाळूच्या पट्टीवर मात्र भौतिकशास्त्र तेच आहे. तिथल्या लॉजवाल्यांनी पंपाचा प्रश्न दोनदा वाचावा.

घरात भिंतीवरचा आरओ लावू का?

विहिरीची वाहकता १,००० च्या आत असेल तर गरज नाही, गाळणी आणि क्लोरीन किंवा अतिनील दिवा पुरतो. लावलाच तर त्याची वाया जाणारी नळी बादलीत सोडा आणि ते पाणी फरशीला वापरा. ती सरळ विहिरीच्या कठड्याशी सोडलेली बऱ्याच घरांत दिसते.